निसर्गातील नाती चित्रात कशी आणावीत : गोव्यातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

निसर्गचित्र काढायला प्रथमच बसणारी व्यक्ती बहुधा एखादी देखणी वस्तू निवडते : जास्वंदीचे फूल, खंड्या पक्षी, माडाची झुकलेली झावळी. ती वस्तू कागदाच्या मधोमध येते, भोवती पांढरी जागा उरते आणि चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटते. हा सराव उपयुक्त आहेच. परंतु जीवसृष्टीतील परस्परावलंबन हा ज्याचा विषय आहे त्याला तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण खंड्या ज्या फांदीवर बसतो ती फांदी, तिच्याखालचे पाणी, पाण्यातला मासा आणि त्या माशाला लपायला जागा देणारी मुळे यांच्यावाचून खंड्याचे तिथे असणेच उमजत नाही. म्हणून या लेखात सुचविलेली पद्धत एका आग्रहावर उभी आहे : चित्राचा विषय म्हणून वस्तूऐवजी दोन किंवा अधिक जीवांमधले, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले एक नाते निवडावे आणि रेषा, रचना व रंग हे सर्व त्या नात्यासाठी राबवावे.

गोव्यात वाढलेल्या माणसाला ही दृष्टी परकी नाही. चवथीला गणपतीच्या मूर्तीच्या वर जी माटोळी बांधतात, तिच्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारी, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, कवंडळां, कांगलां, घागऱ्यो असे रानातले, कुळागरातले (पोफळी-माडांच्या बागेतले) आणि परसातले जिन्नस शेजारी शेजारी टांगलेले असतात. कोणते फळ कोणत्या डोंगरावर आणि पावसाच्या कोणत्या टप्प्यावर मिळते, हे ती बांधणाऱ्याला ठाऊक असावे लागते. त्यामुळे नीट पाहिले तर माटोळी हा त्या गावच्या भाद्रपदातील निसर्गाचा एक नकाशाच असतो. राज्याचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेते. या विषयाकडे वळणाऱ्याने चवथीच्या दिवसांत दोन-तीन घरच्या माटोळ्या निवांत पाहाव्यात आणि कोणता जिन्नस कुठून आणला हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. पुढे करावयाच्या अभ्यासाची ती उत्तम पूर्वतयारी आहे.

पहिली पायरी : एक जागा ठरविणे

संपूर्ण सह्याद्री किंवा संपूर्ण समुद्र हा नवोदिताचा विषय होऊ शकत नाही. वर्षभर पुन्हा पुन्हा जाता येईल अशी, घरापासून जवळची आणि साधारण एका खोलीएवढी जागा निवडावी. गोव्यात असे पर्याय भरपूर आहेत. त्यांपैकी तिघांचा विचार येथे करतो.

कुळागर हा सर्वांत सोयीचा पर्याय होय. फोंडा तालुक्यात सावईवेरे, प्रियोळ, केरी या भागांत कुळागरे दाट आहेत. पोफळी आणि माड यांचा सर्वांत उंच थर, त्यांच्या खोडावर चढलेली मिरवेल, मधल्या उंचीवर जायफळ आणि केळी, खाली अननस, आणि या सर्वांमधून झरीचे पाणी फिरविणारा पाट असे थरांवर थर तेथे एका नजरेत सामावतात. उभ्या रेषा, तिरका प्रकाश आणि जमिनीवरची ओल यांमुळे नवशिक्यालाही रचना आपोआप सापडते. कुळागर खासगी मालकीचे असते. म्हणून मालकाची परवानगी घेऊनच आत जावे, आपण काय करणार आहोत हे आधी सांगावे आणि काम झाल्यावर चित्र दाखवायला परत यावे. कुळागरात काम करणाऱ्या माणसांना जे दिसते त्याचा अर्धा भागही आपल्याला दिसत नाही, त्यामुळे ही ओळख पुढे फार कामाची ठरते.

दुसरा पर्याय खाजन आणि खारफुटीचा. मांडवी आणि जुवारी यांच्या काठी, तसेच त्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे खाडीलगत, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, म्हणजेच खाजने, आहेत. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य सुमारे १७८ हेक्टरांचे असून रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाता येते; अभयारण्यात प्रवेशासाठी वन खात्याची परवानगी लागते. मात्र अभ्यासासाठी अभयारण्यच हवे असे नाही. कोणत्याही गावातील बांधाच्या कडेला, मानशीजवळ (बांधातील पाणी अडविणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेजवळ) बसले तरी पुरे. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि खेकडे, निवट्या (चिखलात सरपटणारे छोटे मासे) व पाणपक्षी दिसू लागतात. भरतीला तीच जागा निव्वळ पाण्याचा पृष्ठभाग होते.

तिसरा पर्याय देवराईचा, गोव्यात जिला राय म्हणतात. सत्तरीत बांबर येथे निरंकाराची राय आहे. तेथे गोड्या पाण्याच्या दलदलीत रानटी जायफळाच्या कुळातील झाडे उभी असून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वळून पाण्याबाहेर येतात. चित्रकाराच्या दृष्टीने हे विलक्षण स्थान आहे. परंतु राय हे देवाचे स्थान आहे, ही जाणीव ठेवून गावकऱ्यांना विचारूनच जावे, पादत्राणांविषयी व प्रवेशाविषयी गावचा जो नियम असेल तो पाळावा आणि आतील काटकीदेखील बाहेर आणू नये. अगदी पहिल्या वर्षी नवोदिताने कुळागर किंवा खाजन निवडावे असे माझे मत आहे. राईतला अंधार, दाटी आणि दलदल रेखाटण्यासाठी हात थोडा बसलेला असावा लागतो.

पावसाळ्यात ज्यांच्या घराजवळ जांभ्या दगडाचा सडा (उघडे पठार) आहे त्यांनी तोही विसरू नये. सड्यावरच्या पातळ मातीत नत्र कमी असते, म्हणून तेथे कीटक किंवा पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागविणाऱ्या वनस्पती उगवतात; सीतेची आसवे हे निळसर-जांभळे इवलेसे फूल त्यांपैकीच एक. दगड, पाणी, फूल आणि कीटक यांचे नाते हाताच्या तळव्याएवढ्या जागेत तेथे दिसते.

दुसरी पायरी : साहित्य

साहित्यावर सुरुवातीला फार खर्च करू नये. जाड पुठ्ठ्याची, हातात मावणारी एक रेखाटनवही, एचबी, २बी आणि ४बी या पेन्सिली, खोडरबर, पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या शाईचे एक बारीक पेन आणि एक लहान भिंग एवढे बाहेरच्या कामासाठी पुरते. घरी पूर्ण करावयाच्या चित्रासाठी ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा जलरंगाचा कागद घ्यावा, कारण त्याहून पातळ कागद गोव्याच्या दमट हवेत ओला झाल्यावर लाटा धरतो. भिंगाला मात्र काटकसर करू नये. ज्या नात्यांविषयी आपण बोलत आहोत, त्यांतील पुष्कळशी मुंगीच्या आकाराची किंवा त्याहूनही लहान असतात.

तिसरी पायरी : न काढता पाहणे

पहिल्या काही भेटींत चित्र काढण्याची घाई करू नये. ठरविलेल्या जागी अर्धा-पाऊण तास स्थिर बसावे आणि वहीत फक्त शब्द लिहावेत : वेळ, आभाळ, वारा, भरतीची स्थिती, आणि कोण आले, कुठून आले, काय केले व कुठे गेले. माणूस स्थिर बसल्यानंतर काही वेळाने पक्षी आणि खेकडे पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतात. चिखलात बुडी मारलेले खेकडे आधी डोळे वर काढतात, मग बिळाच्या तोंडाशी येतात, आणि मग ज्यांच्या नराचा एक पंजा देहाच्या मानाने प्रचंड असतो ते छोटे खेकडे तो पंजा हलवू लागतात. हे सर्व चालत जाणाऱ्याला दिसत नाही.

पाहताना स्वतःला काही ठराविक प्रश्न विचारावेत. येथे कोण कोणाला खाते? कोण कोणाच्या अंगावर, सावलीत किंवा बिळात राहते? कोण कोणाचे बी, पराग किंवा अंडी वाहून नेते? कोणी मेल्यावर ते कोणाच्या कामी येते? माणूस यांत कुठे आहे? शेवटचा प्रश्न गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे, कारण कुळागर काय आणि खाजन काय, दोन्ही माणसाच्या हातांनी घडलेली आहेत आणि तो हात थांबला की ती मोडू लागतात. माणसाला वगळून काढलेले कुळागराचे चित्र अपुरे राहते.

मोबाइलवर छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण ती आठवणीला आधार म्हणून. छायाचित्रावरून काढलेल्या चित्रात कॅमेऱ्याने निवडलेला क्षण येतो, आणि नाते हे बहुतेक वेळा एका क्षणात मावत नाही.

चौथी पायरी : एकेका घटकाचा अभ्यास

आता पेन्सिल उचलावी. आपल्या जागेतील पाच-सहा घटक निवडून प्रत्येकाची वेगवेगळी रेखाटने करावीत आणि त्यांत सौंदर्यापेक्षा रचनेकडे लक्ष द्यावे : पान देठाला कसे जोडले आहे, मूळ खोडातून कोणत्या कोनात निघते, खेकड्याच्या पायांना किती सांधे आहेत. खारफुटीत कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी बाहेर पडून चिखलात उतरतात, तर तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर येतात. हा फरक हाताला कळला की भरतीचे पाणी एका ठिकाणी कमानींखालून वळते आणि दुसऱ्या ठिकाणी असंख्य खुंट्यांतून गाळले जाते, हेही कळते. म्हणजे घटकाचा अभ्यास आपल्याला आपणहून नात्याकडे नेतो.

या टप्प्यावर नमुने गोळा करण्याचा मोह होतो. परसातले गळलेले पान, बाजारातून आणलेली केळफुले किंवा कुळागराच्या मालकाने दिलेले जायफळ यांना हरकत नाही. संरक्षित वनक्षेत्रातून मात्र काहीही उचलता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळ व काही जातींचे शंख-शिंपले यांनाही संरक्षण आहे. घरटी, अंडी आणि रानातील ऑर्किडे जागीच रेखाटावीत. मोरजी, आगोंद किंवा गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तेथे रात्री दिवा किंवा फ्लॅश वापरणे कासवांना त्रासदायक ठरते, म्हणून तेथील वन कर्मचारी सांगतील तेच ऐकावे.

पाचवी पायरी : नात्यांचा नकाशा

वहीच्या एका मोठ्या पानावर आतापर्यंत पाहिलेल्या सर्वांची नावे विखरून लिहावीत आणि ज्यांच्यात संबंध दिसला त्यांना बाणांनी जोडावे. प्रत्येक बाणावर एक क्रियापद लिहिणे हा या पायरीचा गाभा आहे. ‘मिरवेल – पोफळ’ एवढे लिहून भागत नाही. मिरवेल पोफळीवर चढते. मासा मुळांत लपतो. धनेश उंबर खातो आणि त्याचे बी दूर नेऊन टाकतो. हुमले (लाल मुंग्या) आंब्याची पाने शिवतात. मानस पाणी अडवते आणि सोडते.

हे क्रियापदच पुढे चित्राची रेषा ठरवते, आणि नवोदिताच्या कामात सर्वांत मोठा फरक येथे पडतो. ‘चढते’ हे क्रियापद निवडले की कागद उभा धरावा लागतो आणि नजर खालून वर नेणारी एक अखंड रेषा शोधावी लागते. ‘लपतो’ निवडले की उजेडापेक्षा अंधाराचे आकार महत्त्वाचे होतात. मुळे नुसती काढून भागत नाही, मुळांमधल्या काळ्या पोकळ्या काढाव्या लागतात. ‘शिवतात’ म्हटले की ताण दाखवावा लागतो. हुमल्यांचेच उदाहरण घ्यावे. या लाल मुंग्यांच्या रांगा एका पानाची कड पायांनी आणि दुसऱ्या पानाची कड जबड्यांनी धरून ती एकमेकांकडे ओढतात, आणि मग इतर मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने ती शिवण घालतात. हे दृश्य चित्रात आणताना प्रत्येक मुंगीचे बारकावे दुय्यम आहेत. पानांचा वाकलेला, पुन्हा सरळ होऊ पाहणारा ताण हाच तेथे विषय आहे.

नकाशावरून एकच क्रियापद निवडावे. सगळे बाण एका चित्रात कोंबण्याचा प्रयत्न केला की शाळेच्या भिंतीवरील अन्नसाखळीच्या तक्त्यासारखे काहीतरी तयार होते. त्याचप्रमाणे पृथ्वीचा गोल, मुळांतून उगवलेला मानवी चेहरा, ओंजळीतले रोपटे ही तयार प्रतीके कटाक्षाने टाळावीत, असे माझे ठाम मत आहे. ती जगात कोणीही, काहीही न पाहता काढू शकतो. मानशीजवळ घालविलेली सकाळ त्यांत कुठेच उतरत नाही.

सहावी पायरी : रचना

रचनेचे काही मार्ग येथे सांगतो. आपल्या क्रियापदाला जो जुळेल तो घ्यावा.

पहिला मार्ग छेदाचा. जमीन किंवा पाणी जणू सुरीने उभे कापले आहे अशी कल्पना करून वरचे आणि खालचे जग एकाच वेळी दाखवावे. खाजनासाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. आडवा लांब कागद घ्यावा आणि डावीकडून सुरुवात करावी : नदी, मग खारफुटीचा पट्टा, मग जांभा दगड व चिखल यांनी रचलेला बांध, बांधातली मानस, आतल्या बाजूचे साठवणीचे पाणी आणि शेवटी भाताचे शेत. खारफुटी लाटांचा मारा सोसते म्हणून बांध टिकतो. मानशीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. पावसाचे पाणी मातीतला खार धुऊन नेते तेव्हा कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात पिकते. आणि त्याच पाण्यात सुंगटे (कोळंबी) व मासे वाढतात, ज्यांच्यासाठी बगळे येऊन थांबतात. या साखळीत सर्वांत नाजूक जागा मानशीची आहे, कारण खारे व गोडे पाणी तिथे एकमेकांसमोर येते. म्हणून चित्रातील सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट छटा तिथेच शेजारी शेजारी ठेवाव्यात, म्हणजे पाहणाऱ्याची नजर आपोआप तिथे खिळेल. शेत आणि नदी यांच्या पाण्याच्या पातळीत किंचित फरक दाखवायला विसरू नये. तो फरक म्हणजेच बांधाचे काम होय.

दुसरा मार्ग एका पानावर अनेक काळ आणण्याचा. मारिया सिबिला मेरियन ही जर्मनीत जन्मलेली चित्रकार १६९९ ते १७०१ या काळात दक्षिण अमेरिकेतील सुरीनाममध्ये राहिली. अळी, कोश, फुलपाखरू आणि ती अळी ज्या झाडावर जगते ते झाड, हे सर्व तिने एकाच चित्रात मांडले. तिच्या काळात कीटक टाचणीला टोचलेल्या नमुन्यासारखे सुटे काढण्याची प्रथा होती; तिने त्यांना त्यांच्या अन्नावर बसविले. आपल्याकडे कढीपत्त्यावर किंवा लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या सहज सापडतात. त्यांचा अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास पाहून कुरतडलेल्या पानांसकट एका फांदीवर मांडणे हा नवोदितासाठी फार चांगला अभ्यास आहे. कुरतडलेली कड मुद्दाम काढावी, कारण त्या नात्याची खूण तीच आहे.

तिसरा मार्ग प्रमाण बदलण्याचा. उंबराच्या फळाच्या आत फुले असतात आणि त्यांचे परागण एक इवलीशी गांधीलमाशी करते, जी त्या फळातच जन्म घेते. उंबराच्या जातींवर धनेश, हरियाल, माकडे, वटवाघळे असे कितीतरी जीव पोसले जातात. धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर एका अरुंद फटीतून तिला फळे भरवतो. म्हणजे बंद ढोलीतली पिले ज्या फळांवर वाढतात, ती फळे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्या कीटकावाचून पिकणारच नाहीत. असे नाते काढताना खऱ्या आकारांचे बंधन पाळू नये. कापलेले फळ कागदभर मोठे करावे, त्याच्या आतल्या पोकळीत कीटक स्पष्ट दिसू द्यावा आणि धनेश वरच्या कोपऱ्यात लहान, दूरचा ठेवावा. फळ गळलेले, रस्त्याकडेचे घ्यावे आणि धारदार पात्याने अलगद उघडावे.

चौथा मार्ग कोरून किंवा खरवडून रेषा काढण्याचा. त्यासाठी गोव्यातील दोन जुन्या कलांकडे पाहावे. सांगे तालुक्यात उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी, जांभ्या दगडाच्या आडव्या थरावर, प्रागैतिहासिक माणसाने बैल, गवे, हरणे, मोर, मानवाकृती आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे कोरली आहेत. तेथे पार्श्वभूमी वेगळी नाहीच. नदीकाठचा दगड हाच कागद आहे आणि पावसाचे पाणी त्या रेषांत साचते. दुसरी कला कावीची. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन, तो ओला असतानाच टोकदार अवजाराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करीत ही चित्रे काढतात. मोरजीच्या मोरजाई मंदिरात ती पाहायला मिळतात. काढून टाकल्याने रेषा उमटते, हे कावीचे तंत्र आपल्या विषयाला अगदी जवळचे आहे. घरी सरावासाठी जाड कागदावर पांढऱ्या मेणखडूचा दाट थर द्यावा, त्यावर तांबडा ॲक्रिलिक रंग फासावा आणि तो सुकता सुकता बोथट सुईने वेल, पान, पाणी आणि मासा एकाच अखंड रेषेने खरवडून काढावे. हात न उचलता काढलेली रेषा वेलीकडून पाण्याकडे कशी जाते याचा विचार करावाच लागतो.

सातवी पायरी : त्याच जागेचा रंग

चित्र ज्या जागेचे आहे तिथल्या मातीचा रंग त्यात वापरता आला, तर सर्व आकारांना बांधणारा एक समान धागा मिळतो. गोव्याची माती लोहयुक्त आहे. लोहाच्या ऑक्साइडांमुळे तिला तांबड्या, नारिंगी व पिवळसर छटा येतात आणि मातीचे हे रंग उन्हाने विटत नाहीत. रंग घरी करता येतो.

परवानगी असलेल्या जागेतून मूठभर बारीक माती घ्यावी. खाणींच्या परिसरातील किंवा रस्त्याकडेच्या गटारातील माती घेऊ नये. ती वाळवून, खडे काढून, नाकातोंडावर मास्क लावून खलबत्त्यात कुटावी. मग भरपूर पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबावे. तळाशी रेती बसते; वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि रेती टाकून द्यावी. हे दोन-तीन वेळा केल्यावर ते गढूळ पाणी रात्रभर स्थिर ठेवावे, सकाळी वरचे नितळ पाणी काढून टाकावे आणि तळाचा मऊ लगदा वाळवावा. जो काही कस आहे तो या धुण्यात आहे. येथे कंटाळा केला की ब्रशखाली रेती करकरते आणि कागद ओरखडतो.

बंधक म्हणून खाण्याचा डिंक चालतो. एक भाग डिंक दोन भाग गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावा, त्यात थोडा मध मिसळावा म्हणजे रंग वाळून तडकत नाही, आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगतेलाचा एखादा थेंब घालावा. काचेच्या किंवा गुळगुळीत दगडाच्या तुकड्यावर मातीची पूड आणि हे मिश्रण सपाट तळाच्या दगडाने गोल गोल घोटावे. कागदावर लावून वाळल्यावर बोटाने चोळून पाहावे. रंग बोटाला लागला तर डिंक कमी पडला आहे, आणि चकाकून तडे गेले तर तो जास्त झाला आहे. पिवळी माती जुन्या तव्यावर बराच वेळ भाजली तर ती तांबूस होते, त्यामुळे एकाच मातीतून दोन रंग मिळतात.

फुलाफळांच्या रंगांविषयी मात्र सावध राहावे. हळद, भिरंड (कोकम) आणि गोकर्ण यांचे रंग कागदावर मोहक दिसतात, पण उजेडात ते लवकर फिके पडतात. भिरंड आणि गोकर्ण यांचे रंग आंबट किंवा अल्कधर्मी (चुना, सोडा यांसारख्या) पदार्थाच्या स्पर्शाने बदलतातही. ते वहीतल्या प्रयोगांसाठी ठेवावेत. टिकाऊ काळ्यासाठी हिरड्याचा काढा आणि गंजलेल्या लोखंडाचे पाणी एकत्र करून शाई करता येते. हिरव्या-निळ्या छटांसाठी दुकानातील चांगले जलरंग वापरण्यात कमीपणा मानू नये.

आठवी पायरी : पावसाळा आणि जतन

जून ते सप्टेंबर या काळात जलरंगाचा हात वाळायला फार वेळ लागतो. त्यावर पंखा लावून घाई करण्यापेक्षा ओल्यात ओला रंग सोडण्याचे प्रयोग याच दिवसांत करावेत. नदीचे गढूळ पाणी आणि भिजलेला जांभा यांना तो उशीर मानवतो. बाहेर मात्र पेन्सिलच विश्वासू. पूर्ण झालेली चित्रे भिंतीला टेकवून ठेवू नयेत, कारण ओल भिंतीतून येते. ती आम्लरहित कागदात घालून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि कोरडे ऊन पडेल त्या दिवशी सावलीत वारा द्यावा. चौकट करायची असल्यास चित्र व काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कडा हवीच, नाहीतर काचेला चिकटून बुरशी धरते.

दरम्यान इतरांचे काम पाहावे. जुवें बेटावर जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले. त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. पिळर्ण येथे सुबोध केरकर यांनी उभारलेल्या म्युझियम ऑफ गोवामध्ये समुद्र हाच विषय आणि समुद्राने दिलेले शिंपले-शंख हेच माध्यम असलेली कामे पाहता येतात. पणजीत आल्तिनो टेकडीवरील सुनापरांत या कलाकेंद्रातही प्रदर्शने भरतात.

नववी पायरी : नावे लिहिणे आणि चित्र परत नेणे

चित्राच्या मागे किंवा खालच्या कडेला जागा, महिना, भरतीची स्थिती आणि चित्रातील प्रत्येक जीवाचे स्थानिक नाव लिहावे. अॅमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांनी माहिती दिली, आणि त्यांचे कोकणीतील निवेदन नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. चित्र काढणारा हात एकाचा आणि झाड ओळखणारे डोळे दुसऱ्याचे, असे सहकार्य तेव्हाही लागले होते.

म्हणून पूर्ण झालेले चित्र सर्वांत आधी त्याच जागी न्यावे. कुळागराच्या मालकाला, बांधाची डागडुजी करणाऱ्याला किंवा मानशीवर मासे धरणाऱ्याला ते दाखवून दोनच प्रश्न विचारावेत : यात चुकीचे काय आहे, आणि यात कोण राहून गेले आहे? ‘या महिन्यात मिरवेलीला घड नसतात’, ‘जायफळाच्या बागेत नराचे झाडही लागते, ते कुठे आहे?’, ‘बांधाला बिळे पाडणारा खेकडा दाखवलाच नाही’ अशी उत्तरे मिळतात. ती तेथेच वहीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्यावीत. नात्यांच्या नकाशावर त्यासाठी नवे बाण काढावेत, त्यांवर क्रियापदे लिहावीत आणि पुढचे चित्र त्यांपैकी एकापासून सुरू करावे.